काचेच्या नळीतली वीस मिनिटं

आमच्या गावात साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. रात्री तर सापाचं नावही काढायचं नाही, जनावर म्हणायचं नाहीतर लांबडं म्हणायचं. मी लहान असताना पावसाळ्यात मध्यरात्री कुणीतरी धावत यायचं, दारातनं "तात्या, पान लागलंय" अशी हाक यायची, आणि आमचे तात्या, म्हणजे आजोबांचे धाकटे चुलतभाऊ, कंदील घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघायचे. पायरीवर बसवून आधी कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मग दोरा बांधायचे, मंत्र पुटपुटत डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवायचे, आणि सकाळपर्यंत त्या माणसाला झोपू द्यायचे नाहीत. पोरं झांजा वाजवत बसायची. उजाडलं की माणूस उठून घरी जायचा. तात्यांनी कधी कुणाकडून एक रुपया घेतला नाही, चहासुद्धा नाही. पैसा घेतला की विद्या जाते असं ते म्हणायचे.

हे आधी सांगतोय कारण पुढे मी याच तात्यांना गावासमोर खोटं ठरवायला गेलो होतो.

१९९५च्या सप्टेंबरमध्ये, २१ तारखेला, गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. मी तेव्हा पुण्यात बीएस्सीला होतो. चमचा वाकडा धरला की दूध पृष्ठताणामुळे आणि केशाकर्षणामुळे मूर्तीवरून ओघळतं हे आम्ही हॉस्टेलच्या खोलीत करून बघितलं, आणि मग वाटायला लागलं की लोकांना हे फक्त कुणीतरी नीट दाखवायला हवं, बाकी सगळं आपोआप होईल. तेव्हा खरंच असं वाटायचं, की माणसं चुकीचं मानतात कारण त्यांना माहिती नसते. माहिती दिली की झालं.

पुढच्या वर्षीच्या नागपंचमीला आम्ही चार मित्र सापांची पोस्टर्स घेऊन माझ्या गावाला गेलो. देवळापुढच्या पारावर कार्यक्रम ठेवला, शंभरेक माणसं जमली. मी सगळं व्यवस्थित सांगितलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडचे सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू या चार सापांमुळे होतात. देशात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी. साप दूध पीत नाही, तो काही सस्तन प्राणी नाही, गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो म्हणून समोर येईल ते तो पितो. विषावर एकच औषध, ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होतं, आणि दवाखान्यात मिळतं. मंत्रानं विष उतरत नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा जोरात म्हणालो होतो, कारण तात्या पुढेच बसले होते.

कुणीही वाद घातला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी नारळ दिला. तात्या उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं बोललास बाळा."

नंतर बारा-तेरा दिवसांनी माझ्या चुलतभावाच्या बायकोला गोठ्यात साप चावला. आमच्याच घरात. तिला तात्यांकडे नेलं आणि सकाळी ती उठून चुलीपाशी बसली. मी पुण्याहून पोचलो तेव्हा वहिनी मला हसत म्हणाल्या, "भावजी, तुमचं पोस्टर खोटं निघालं की." मी विचारलं, साप कसा होता, तर काळा आणि अंगावर पांढरे पट्टे, म्हणजे मण्यारच म्हणून सगळ्यांची खात्री. मी म्हणालो तो कवड्या असणार. कवड्या हा बिनविषारी साप, घराभोवती पालींच्या मागे फिरतो आणि अंधारात पाहिला तर हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो. माझं म्हणणं बहुतेक बरोबरही असेल. पण मेलेला साप कुणी ठेवला नव्हता, आणि ज्या बाईला चावला ती समोर धडधाकट बसलेली होती.

तात्यांची विद्या कशी चालते हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्याचं वजन मला बऱ्याच उशिरा कळलं. चावणारे बहुतेक साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या असले बिनविषारी. विषारी साप चावला तरी दरवेळी तो विष सोडतोच असं नाही, बऱ्याचदा नुसते दात लागतात, कोरडा दंश. म्हणजे मारुतीच्या देवळात आलेल्या दहा जणांतले बहुतेक जण काहीही न करता जगणारच होते. हे आकडेवारीच्या भाषेत दोन ओळींत मांडता येतं. पण गावातल्या माणसाच्या आयुष्यात ते असं येतं, की माझा बाप तात्यांमुळे वाचला, माझी बहीण वाचली, मी स्वतः वाचलो, तेव्हा तात्या भर पावसात रात्री दोन वाजता आले होते आणि सकाळपर्यंत माझ्या शेजारून उठले नव्हते. याला मी अंधश्रद्धा म्हणायचो. त्यांच्या बाजूनं तो अनुभव होता, डोळ्यांनी पाहिलेला, चाळीस वर्षांचा, आणि मी त्याच्यासमोर एक रंगीत पोस्टर धरलं होतं.

दोन वर्षांनी जे झालं ते अजूनही नीट लिहिता येत नाही. शेजारच्या घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. मण्यारीचं असंच असतं, ती रात्री अंथरुणात येते, चावलेलं बरेचदा कळतही नाही, ना सूज ना दुखणं, आणि मग पोटदुखी, उलटी, डोळ्यांच्या पापण्या उचलेनाशा होतात, आणि हळूहळू श्वासाचे स्नायू थांबतात. घरच्यांना आधी अपचन वाटलं. पापण्या पडायला लागल्यावर तात्यांकडे नेलं. पाला गोड लागतोय की कडू हे सांगायला त्या पोराला बोलता येत नव्हतं. दहाच्या सुमाराला तो गेला.

मी फार चिडलो होतो. दिवस-कार्य झाल्यावर त्याच्या वडिलांपाशी बसून मी विचारलं, दवाखान्यात का नाही नेलं, मी एवढं सांगून गेलो होतो ना. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू सांगितलंस ते ध्यानात हाय. माझा भाऊ गेला त्या साली मी दवाखान्यातच नेला हुता." आणि त्यांनी सांगितलं. टेम्पो करून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर नव्हते, लस नव्हती, जिल्ह्याला न्या म्हणाले. जिल्हा साठ किलोमीटर. भाऊ वाटेत टेम्पोतच गेला. "हितं ऱ्हायला असता तर निदान देवाच्या दारात गेला असता," ते म्हणाले.

मला त्यावर काहीही बोलता आलं नाही. दवाखान्यात औषध मिळतं हे माझं वाक्य. पारावर उभा राहून मी ते सत्य म्हणून सांगितलं होतं. पुस्तकात ते सत्य होतं. त्या माणसासाठी, त्या रस्त्यावर, त्या वर्षी ते खोटं होतं, आणि हे त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं. तरी कार्यक्रमात तो मागे बसून टाळ्या वाजवत होता, कारण मी गावचा पोरगा होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी २००५ सालच्या मृत्यूंवरचा एक मोठा अभ्यास वाचला, त्यात देशात त्या एका वर्षात सर्पदंशानं सुमारे ४६ हजार माणसं गेली असा अंदाज होता, बहुतेक खेड्यातली, पावसाळ्याच्या चार महिन्यांत जास्त, आणि त्यातले फक्त २३ टक्के मृत्यू दवाखान्यात झालेले. बाकीचे घरात, शेतात, वाटेत, देवळात. २००० ते २०१९ या वीस वर्षांचा नंतरचा अंदाज तर बारा लाखांचा आहे. वाटेत म्हटलं की मला तो टेम्पो दिसतो.

या सगळ्यानंतर मी उलट्या टोकाला गेलो. लोकांना फॅक्ट्स सांगून काही उपयोग नसतो, पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मित्रांमध्ये म्हणायला लागलो. आणि त्याला शास्त्रीय आधारही मिळाला. २०१०मध्ये अमेरिकेतल्या दोन राज्यशास्त्रज्ञांचं, नायहन आणि रायफलर यांचं संशोधन आलं होतं, की चुकीची माहिती दुरुस्त करून दाखवली तर काही माणसं आपल्या जुन्या मताला आणखीच घट्ट चिकटतात. मला ते वाचून हायसं वाटलं. म्हणजे दोष माझ्या पोस्टरचा नव्हता, माणसाचा मेंदूच असा आहे. मी हे अनेक ठिकाणी सांगितलं, एका लेखात लिहिलंसुद्धा. मग वूड आणि पोर्टर नावाच्या दोघांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, पन्नासेक वेगवेगळे विषय घेऊन तेच तपासलं, तर तो उलटा परिणाम जवळपास कुठेच दिसला नाही. खरी माहिती दिली की बहुतेक लोक निदान ती माहिती तरी स्वीकारतात. एखाद्या नेत्यावरचं प्रेम किंवा एकंदर राजकारण त्यानं बदलतंच असं नाही, पण ती एक गोष्ट ते मान्य करतात. नायहननी स्वतःही पुढे मान्य केलं की तो परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा सर्रास आढळत नाही.

मला हे पटायला किती वेळ लागला सांगू? वर्षभर तरी. मी त्या नव्या संशोधनात खोट शोधत होतो. ऑनलाइन प्रश्नावली आहे, अमेरिकेतली माणसं आहेत, आपल्याकडे वेगळं असणार. नंतर लक्षात आलं की त्या वडिलांना 'तू सांगितलंस ते ध्यानात हाय' म्हणावं लागलं होतं, म्हणजे माहिती पोचली होतीच. ती चुकीच्या जागी पोचली असं नाही, तिला पुढे जायला रस्ता नव्हता, गाडी नव्हती, औषध नव्हतं. आणि मी सगळा दोष त्यांच्या डोक्याला लावत होतो.

तसाच आणखी एक प्रकार, तोही माझाच. त्या पोस्टरवर प्रथमोपचार म्हणून आम्ही लिहिलं होतं की दंशाच्या वर घट्ट बांधा आणि ब्लेडनं चीर द्या. आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं होतं, वाचलं होतं. २००३ किंवा ४ असेल, तालुक्याच्या गावी एक तरुण डॉक्टर आले होते आणि सर्पदंशाचे पेशंट ते मनापासून बघायचे. ते मला म्हणाले, तुमचं हे पोस्टर फाडून टाका. घट्ट बांधल्यानं हात किंवा पाय सडतो, आवळलेलं सोडताना पेशंट एकदम बिघडतो, आणि घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतच नाही, मग तुम्ही दिलेली चीर वाहत राहते. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. हाड मोडल्यावर ठेवतो तसा हात-पाय स्थिर ठेवायचा, माणसाला चालायला लावायचं नाही, धीर द्यायचा आणि लवकरात लवकर न्यायचं, बस. मी त्यांच्याशी वाद घातला. मी, सायन्सवाला. आठ वर्षं गावोगाव जे शिकवलं ते चूक होतं असं म्हणायचं म्हणजे कुणाकुणाचे पाय आपल्यामुळे आवळले गेले हा हिशोब मांडायचा, आणि तो मला मांडायचा नव्हता. तात्यांना मंत्र खोटा म्हण असं सांगताना मी त्यांच्यापुढे किती मोठा हिशोब ठेवत होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. चाळीस वर्षांत जे दगावले ते सगळे त्यांनी स्वतःच्या नावावर घ्यायचे. कुठला म्हातारा घेईल?

या डॉक्टरांनी तात्यांना खोटं म्हटलं नाही. ते स्वतः मोटारसायकलवर आमच्या गावी आले, तात्यांच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तात्या, माणूस आधी तुमच्याकडे येतो, माझ्याकडे मागनं येतो. मधले दोन तास मला द्या." आणि स्वतःचा फोन नंबर दिला. मला ते आवडलं नव्हतं. ही तडजोड आहे, अशानं मंत्राला मान्यता मिळते असं मी त्यांना म्हणालोही. तात्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तात्यांच्या धाकट्या सुनेला सोयाबीनच्या रानात घोणस चावली. घोणशीचा दंश लपत नाही, आग होते, पाय भराभर सुजतो. तात्यांनी दोरा बांधला, पाला दिला, मंत्र म्हटला, आणि तासाभरानं तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर मुलाला म्हणाले, गाडी काढ. मी योगायोगानं गावात होतो, सोबत गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं दोन मिली रक्त काढलं आणि काचेच्या एका कोऱ्या नळीत घातलं. नळी काचेचीच लागते, आणि कोरी लागते, साबणानं धुतलेली चालत नाही, नाहीतर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. त्यांनी ती नळी टेबलावर उभी ठेवली आणि तात्यांसमोर खुर्ची सरकवली. "तात्या, तुम्ही इथं बसा. वीस मिनिटं या नळीला कुणाला हात लावू देऊ नका. चांगलं रक्त असेल तर दह्यासारखं बसेल. विष असेल तर पाण्यासारखं राहील. घड्याळ तुम्ही बघा."

तात्या वीस मिनिटं त्या नळीकडे बघत बसले. बाहेर पाऊस, आत सुनेचं कण्हणं, आणि हा म्हातारा टेबलावर दोन्ही हात ठेवून नळी राखत बसलेला. वेळ झाली तेव्हा डॉक्टरांनी ती त्यांनाच तिरकी करायला लावली. रक्त पाण्यासारखं ओघळलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी पाल्याच्या चवीवरून विष ओळखलं होतं, आणि आता ते त्यांच्या समोर होतं.

लसीच्या दहा कुप्या दिल्या. सहा तासांनी परत रक्त, परत नवी नळी, परत वीस मिनिटं. या वेळी नळी कलती केली तर रक्त हललं नाही. गोळा होऊन बसलं होतं. तात्यांनी ती नळी उजेडात धरून दोनदा फिरवून बघितली. म्हणाले काहीच नाही. सून दहा दिवसांनी घरी आली.

मंत्र खोटा असं तात्यांनी मरेपर्यंत म्हटलं नाही. पण त्या वर्षापासून मारुतीच्या देवळात रात्र जागवणं बंद झालं. कुणी आलं की ते दोरा बांधायचे, मंत्र म्हणायचे, आणि तोपर्यंत बाहेर गाडी उभी असायची. "माझं काम झालं, आता डॉक्टरचं," म्हणायचे. आणि दोरा सैल बांधायचे, बोट आत जाईल एवढा. घट्ट नको हे डॉक्टरांनी त्यांना एकदाच सांगितलं होतं. मला जे वर्षभर पचलं नाही ते त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून पाळलं.

गडचिरोलीत बंग पती-पत्नींनी दवाखाना काढताना आदिवासींनाच विचारलं होतं की तुम्हाला कसा दवाखाना हवा, आणि म्हणून तो त्यांच्या घरांसारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला आणि त्याला त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. हे मी आधीही वाचलेलं होतं, आणि कौतुकाची गोष्ट म्हणून सोडून दिलेलं होतं. तात्यांच्या ओसरीवर बसलेले डॉक्टर बघितल्यावर ते कळलं.

याचा अर्थ जोरात बोलणाऱ्यांची गरज नाही असं मी अजिबात म्हणत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हे बोलून दाखवलं आणि २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं. मी त्या दिवशी शहरातच होतो आणि तो दिवस मला विसरता येत नाही. त्यांनी ज्यासाठी अठरा वर्षं खटपट केली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला, आणि त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे असं स्पष्ट लिहिलंय. अडवून, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. दाभोलकरही देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे हेच सांगत राहिले. पैसे उकळणारे, पेशंटला डांबून ठेवणारे भोंदू असतात, त्यांच्यासाठी कायदाच हवा, तिथे ओसरीवर बसून चालत नाही. तात्या त्यातले नव्हते. हा फरक मला विसाव्या वर्षी करता यायला हवा होता असं आता फार वाटतं.

तात्या जाऊन सात वर्षं झाली. दोरा आता त्यांचा मुलगा बांधतो. परवाच्या श्रावणात रात्री साडेदहाला माझा फोन वाजला, गावाकडचा नंबर, माझा चुलतभाऊ. खालच्या आळीतल्या एका पोरीला पान लागलं होतं, अंगणात, पायाला. मी ताडकन उठून बसलो.

"दोरा बांधला का?"

"बांधला. सैल हाय."

"गाडी?"

"कवाच निघाली. आम्ही पोचलो बी."

"साप कुठला होता?"

"कुणाला ठावं, बघत बसलो न्हाय."

मग थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागनं दवाखान्यातल्या पंख्याचा आवाज येत होता. मी विचारलं, आता काय चाललंय.

"नळी लावलीया," तो म्हणाला. "बारा मिनिटं झाल्यात. बसलोय बघत."